गाड्यांच्या जाहिराती गिऱ्हाईक आणतात की पळवून लावतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी गाडी घ्यायचं मनात आल्यापासून गाड्यांच्या जाहिराती पाहून तुमचं डोकं उठतं. तोच रिकामा वळणावळणाचा रस्ता, तोच घोगरा आवाज, शेवटी धाप लागेल अशा वेगाने वाचलेल्या अटी. यांनी कोणाचं मन वळतं तरी का, की घ्यायला निघालेला माणूसही बिचकतो?

मी बरीच वर्षं जाहिरात संस्थांमध्ये प्लॅनिंगचं, म्हणजे कोणाला काय सांगायचं हे ठरवण्याचं, काम केलं आणि त्यातला मोठा भाग मोटार कंपन्यांसाठी होता. तेव्हा आधी माझं मत सांगतो आणि मग त्यामागची कारणं. जाहिरात पाहून उठून कोणी गाडी घेत नाही. शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाच्या मनात तीन-चार गाड्यांची यादी तयार असते. जाहिरातीचा जोर चालतो तो त्या यादीपुरता. यादीत नाव घालण्याचं काम फार हळू होतं, वर्षानुवर्षं चालतं. यादीतून नाव काढण्याचं काम मात्र एका वाईट जाहिरातीतही उरकतं. म्हणजे जाहिराती मन वळवतात आणि पिटाळूनही लावतात, पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रीतीने घडतात, आणि तुम्हाला येतो तो वैताग बहुतेक वेळा या दोहोंपैकी काहीच नसतो.

वैतागापासूनच सुरुवात करू. माणूस गाडी काही वर्षांतून एकदा घेतो. आज रात्री एखादी जाहिरात पाहणाऱ्यांपैकी या महिन्यात गाडी घेणारे अगदी थोडे. बाकीच्यांसाठी ती आवाजाची कटकट. तरी कंपनी तिच्यावर पैसे घालते, कारण ती आजच्या गिऱ्हाइकाइतकीच चार वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाशी बोलत असते. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला थोडी बरी वाटू लागते, तिच्याबद्दल काही कळलेलं नसलं तरीही. कधीच न ऐकलेल्या नावाची गाडी माणूस सहसा यादीत धरत नाही. जाहिरात कंटाळवाणी होती हे तो विसरतो, नाव मात्र ओळखीचं राहतं. तेव्हा ‘मला राग आला’ आणि ‘मी घेणार नाही’ यात बरंच अंतर आहे. क्लायंटला हे समजावताना मी नेहमी एकच प्रश्न विचारायचो: लोक जाहिरातीवर चिडलेत की गाडीवर?

आणखी एक गोष्ट गाडीला फारच लागू आहे. गाडी चारचौघांत उभी राहते. ती घेणाऱ्याला जितकी माहीत असावी लागते तितकीच ती न घेणाऱ्यांनाही माहीत असावी लागते. महागड्या गाडीची जाहिरात ती परवडणाऱ्या मूठभरांनाच दाखवली, तर त्या मूठभरांना ती घेण्यात निम्मी मजा उरणार नाही. म्हणून अशा जाहिराती सगळ्यांना दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे माझ्यासाठी नाहीच. त्याचं बरोबर असतं, आणि तरीही तो त्या जाहिरातीच्या हिशोबात धरलेला असतो.

‘माझ्यावर जाहिरातींचा काही परिणाम होत नाही’ हे वाक्य मी फोकस ग्रुपमध्ये, म्हणजे मोजक्या ग्राहकांना बोलावून केलेल्या चर्चेत, इतक्यांदा ऐकलं आहे की नंतर ते टिपून घेणंही सोडून दिलं. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये या समजुतीवर लिहिलं: माध्यमांचा परिणाम दुसऱ्यांवर होतो, आपल्यावर होत नाही, असं माणसाला वाटत राहतं. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटतं की त्याने मायलेज पाहिलं, डिकी पाहिली, सर्व्हिसचा खर्च विचारला. हे सगळं त्याने पाहिलेलंच असतं, पण यादीतल्या तीन-चार गाड्यांपुरतं. त्या यादीबाहेरच्या डझनभर गाड्यांची डिकी त्याने का उघडली नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

आता एक भाग, जो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. गाडीची जाहिरात सगळ्यात आवडीने कोण पाहतं? ज्याने ती गाडी नुकतीच घेतली आहे तो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९५७ मध्ये नव्या गाड्यांच्या मालकांवर एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यात दिसलं की लोक आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचतात, आणि विचारात असूनही न घेतलेल्या गाड्यांच्या जाहिराती कमी. मोठी रक्कम मोजल्यावर मनात पाल चुकचुकतेच. अशा वेळी ‘तुम्ही शहाणपणाने निवड केलीत’ असं कोणीतरी म्हणायला हवं असतं, आणि ते काम जाहिरात करते. हा माणूस मग मित्राला, मेहुण्याला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला त्याच गाडीची शिफारस करतो, आणि शब्दही बऱ्याचदा जाहिरातीतलेच वापरतो. माझ्या मते गाडीच्या जाहिरातीने खरी विक्री होते ती इथे, आणि ती कुठल्याच अहवालात धड मोजली जात नाही.

मन वळवणं म्हणजे नेमकं काय, ते १९८९ सालच्या एका जोडीवरून दिसतं. त्या वर्षी टोयोटाने लेक्सस आणि निसानने इन्फिनिटी असे दोन नवे महागडे ब्रँड अमेरिकेत आणले. इन्फिनिटीच्या सुरुवातीच्या जाहिरातींत झाडं, पाणी, खडक होते. गाडी नव्हतीच. सौंदर्याबद्दल, निसर्गाबद्दल शांत आवाजात चार वाक्यं आणि शेवटी नाव. लेक्ससने बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला, गाडी रोलरवर ठेवून ताशी १४५ मैलांपर्यंत नेली आणि एक थेंबही सांडला नाही हे दाखवलं. इन्फिनिटीच्या जाहिरातींची चर्चा भरपूर झाली, विनोदवीरांनी टिंगलही केली. विक्रीत लेक्सस खूप पुढे गेली, आणि इन्फिनिटीला लवकरच गाडी दाखवणाऱ्या जाहिरातींकडे वळावं लागलं. या गोष्टीतून ‘निसर्ग दाखवू नका’ असा धडा काढणारे काढतात, पण दोन्ही गाड्याही सारख्या नव्हत्या. लेक्ससची गाडी रूपाने लोकांच्या ओळखीच्या साच्यातली होती, तर इन्फिनिटीच्या मोठ्या गाडीला पुढची जाळीच नव्हती. तरीही एक फरक जाहिरातीचाच होता. लेक्ससची जाहिरात पाहून शोरूममध्ये गेलेल्या माणसाकडे तपासून पाहण्यासारखं काहीतरी होतं: इंजिन खरंच इतकं नितळ चालतं का? इन्फिनिटीच्या जाहिरातीने त्याच्या हातात काहीच दिलं नव्हतं.

निसानलाच पुन्हा १९९६ मध्ये असा अनुभव आला. बाहुल्यांची एक छोटी प्रेमकथा, खेळण्यातली गाडी, जोरदार संगीत. जाहिरात सगळ्यांना आवडली, तिचं भरभरून कौतुक झालं. गाड्यांची विक्री मात्र घसरली, डीलर कुरकुरू लागले. लोकांना बाहुल्या आठवत होत्या. आमच्या धंद्यात हे सारखं घडतं: कुत्रा, बाळ किंवा नट गाडीला खाऊन टाकतो. त्याहून वाईट म्हणजे जाहिरात आठवते, पण ती भलत्याच कंपनीची म्हणून, आणि तेही बहुतेक वेळा त्या वर्गातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची म्हणून. म्हणजे लहान कंपनीने पैसे खर्चून थोरल्याची जाहिरात केली. अशी जाहिरात कोणालाही पिटाळत नाही, फक्त वाया जाते. माझ्या अंदाजाने वाया जाणाऱ्या जाहिराती पिटाळणाऱ्या जाहिरातींच्या कैक पट असतात.

मन वळवणारं सगळ्यात चोख उदाहरण मला ह्युंदाईचं वाटतं. २००९ च्या सुरुवातीला अमेरिकेत नोकऱ्या जात होत्या, लोक गाडी घ्यायला घाबरत होते. ह्युंदाईने जाहीर केलं की गाडी घेतल्यावर वर्षभरात नोकरी गेली तर गाडी परत करा. त्या वर्षी तिथला एकूण गाड्यांचा बाजार सुमारे २१ टक्क्यांनी आटला, ह्युंदाईची विक्री सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. परत आलेल्या गाड्या अगदी मोजक्या होत्या. या जाहिरातीत ना डोंगर होते, ना घोगरा आवाज. लोकांना गाडी हवीच होती, अडकून पडायची भीती होती, आणि तिच्यावर तोडगा सांगितला गेला. जाहिरात म्हणून ती काही सुंदर नव्हती, पण तिच्यात सांगण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते कंपनीने आधी ठरवलं होतं, एजन्सीने नाही. चांगल्या जाहिरातीचं श्रेय आम्ही प्लॅनिंगवाले पटकन घेतो. पण इथे श्रेय त्या माणसाचं, ज्याने ‘परत घेऊ’ या कलमावर सही केली.

आता पिटाळण्याकडे येतो. याचे प्रकार वेगळे आणि त्यांची ताकदही वेगळी.

पहिला आणि सगळ्यात जहाल प्रकार म्हणजे पकडलं गेलेलं खोटं. १९९० मध्ये व्होल्वोच्या एका जाहिरातीत राक्षसी चाकांचा ट्रक रांगेतल्या गाड्यांच्या टपांवरून जातो, बाकीच्या गाड्या चेपतात, व्होल्वो मात्र उभी राहते. मग टेक्सासच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाने उघड केलं की चित्रीकरणासाठी व्होल्वोला आतून आधार ठोकले होते आणि इतर गाड्यांचे टप पेलणारे खांब कमजोर केले होते. जाहिरात मागे घ्यावी लागली, एजन्सीने व्होल्वोचं काम सोडलं, आणि १९९१ मध्ये कंपनी आणि एजन्सीला प्रत्येकी दीड लाख डॉलर भरावे लागले. गंमत बघा, तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट १९५९ मध्ये गाड्यांत आणणारी हीच कंपनी. तिला खोटं बोलायची गरजच नव्हती, आणि ती खोटं बोलली ते नेमकं जिथे तिचं नाव खरं होतं तिथे. फोक्सवॅगनच्या स्वच्छ डिझेलच्या जाहिरातींचंही तेच. २०१५ मध्ये प्रदूषणाच्या चाचणीतली लबाडी बाहेर आली तेव्हा सर्वात जास्त संतापले ते त्या जाहिरातींवर विश्वास ठेवून, पर्यावरणाचा विचार करून गाडी घेतलेले लोक. मन जितकं पक्कं वळवलेलं, तितकं ते उलटताना जोरात उलटतं.

याच फोक्सवॅगनने १९६० मध्ये अमेरिकेत एक जाहिरात केली होती. बीटल गाडीचा फोटो, आणि खाली मथळ्यात तिलाच नापास ठरवलेलं. ग्लोव्ह बॉक्सवरच्या क्रोमच्या पट्टीवर डाग होता म्हणून तपासनीसाने ही गाडी बाजूला काढली, असं पुढे मजकुरात होतं. आपल्याच गाडीतला दोष छापून तपासणीवरचा विश्वास कमावणारी ही जाहिरात आजही वर्गात शिकवतात. शिकतात सगळे, पण स्वतःच्या गाडीचा दोष छापायला तयार झालेला क्लायंट मला तरी भेटला नाही.

दुसरा प्रकार हळू पण खोल चालतो: ‘ही गाडी माझ्यासारख्यांची नाही.’ जाहिरातीत गाडी चालवणारा माणूस जितका नेमका रंगवाल, तितके त्याच्यासारखे लोक जवळ येतात आणि बाकीचे लांब जातात. कधी कधी कंपनीला तेच हवं असतं. फक्त तरुणांसाठी म्हणून काढलेल्या गाड्या पन्नाशीतले लोक आनंदाने घेतात, पण म्हाताऱ्यांची म्हणून ठरलेली गाडी म्हातारेसुद्धा घेत नाहीत. टाटा नॅनोचं उदाहरण सर्वांना माहीत आहे. २००९ मध्ये बाजारात आलेली ही गाडी जगातली सर्वात स्वस्त म्हणून गाजली. कारखाना हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या, अडचणी बऱ्याच होत्या. पण सर्वात स्वस्त हा शिक्का बसला आणि तो कंपनीच्या प्रचारानेही बसवला, याबद्दल खुद्द रतन टाटांनी पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. स्वस्तात मिळालेली वस्तू माणसाला आवडते. आपण स्वस्तातली घेतली हे गावभर दिसणं आवडत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे अपमान. २०१३ मध्ये ह्युंदाईसाठी ब्रिटनमध्ये बनलेल्या एका जाहिरातीत एक माणूस बंद गॅरेजमध्ये गाडीच्या धुराने जीव द्यायचा प्रयत्न करतो आणि धूर इतका स्वच्छ की तो वाचतो. कंपनीला माफी मागावी लागली. २०२० मध्ये ऑडीने गाडीच्या पुढच्या जाळीसमोर केळं खात उभ्या लहान मुलीचा फोटो टाकला आणि माफी मागून काढला. अशा वेळी वादळ मोठं होतं, पण गाडी घेणाऱ्यांवर त्याचा टिकाऊ परिणाम फारसा दिसत नाही. रागावलेले बहुतेक जण ती गाडी घेणार नव्हतेच. खोट्याची जखम याहून कितीतरी जास्त दिवस राहते.

आणि चौथा, तुम्ही म्हणता तो, अटींचा. मोठ्या अक्षरात मासिक हप्ता, बारीक अक्षरात आधी भरायची रक्कम, मुदत आणि शेवटचा भला मोठा हप्ता. हे बहुतेक डीलरच्या जाहिरातींत असतं. कंपनीची जाहिरात स्वप्न दाखवते, डीलरची जाहिरात महिनाअखेर गाठते. अनेक ठिकाणी डीलरच्या जाहिरातीचा काही खर्च कंपनी उचलते, त्यामुळे तो आरडाओरडा कंपनीच्या संमतीनेच चालतो. अशा जाहिरातीने त्या आठवड्यात गर्दी होते, यात शंका नाही. पण काउंटरवर आकडा बदलला की घ्यायला आलेला, खिशात पैसे असलेला माणूस परत जातो. वैतागलेल्या प्रेक्षकाची मला काळजी नसते. या परत गेलेल्या माणसाची असते.

जाता जाता, सगळ्या जाहिराती एकसारख्या का दिसतात? कारणं बरीचशी कामाची आहेत. रस्ता ओला करतात कारण ओल्या डांबरावर गाडीचं प्रतिबिंब छान पडतं. पहाटे किंवा संध्याकाळी चित्रण करतात कारण त्या उजेडात पत्र्याच्या रेषा उठून दिसतात. रस्ता रिकामा असतो कारण एकच फिल्म अनेक देशांत चालवायची असते, आणि समोरून गाड्या आल्या की तिथे वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालतात की उजवीकडून हे उघडं पडतं. ब्रिटनमध्ये वेग हा जाहिरातीचा मुख्य संदेश करता येत नाही. फ्रान्समध्ये २०२२ पासून गाडीच्या जाहिरातीतच चालत जा, सायकल वापरा, एकत्र प्रवास करा असा संदेश द्यावा लागतो. कधी कधी तर चित्रीकरणाच्या वेळी गाडी तयारच नसते. ‘ब्लॅकबर्ड’ नावाचा एक सांगाडा २०१६ मध्ये आला. त्याची लांबी-रुंदी कमी-जास्त करता येते आणि त्यावर संगणकाने हवी ती गाडी चढवतात. शिवाय या जाहिरातीला तुमच्याखेरीज इतरही प्रेक्षक असतात: डीलर, कारखान्यातले लोक, भागधारक. इतक्या सगळ्यांना खटकणार नाही असं काही करायचं म्हटलं की शेवटी डोंगरातला ओला रस्ताच उरतो.

परिणाम मोजायचा कसा, यावर मात्र सावध राहा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जॅग्वारने गाडीच न दाखवणारी, भडक कपड्यांतल्या मॉडेल्सची फिल्म काढली. जगभर टवाळी झाली. पुढच्या वर्षी विक्रीचे घसरलेले आकडे फिरले आणि जो तो म्हणाला, बघा जाहिरातीचा परिणाम. पण नवी इलेक्ट्रिक मॉडेल्स येईपर्यंत जुन्या गाड्यांचं उत्पादन कंपनीनेच आधी गुंडाळत आणलं होतं. विकायला गाड्याच नसतील तर विक्री पडणारच. मलाही ती फिल्म आवडली नाही, पण त्या आकड्यांनी तिच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. यशाच्या कथांनाही हेच लागू. गाजलेली जाहिरात बहुधा नव्या मॉडेलबरोबर येते, सोबत सवलत असते, कर्ज स्वस्त केलेलं असतं. यातलं कशाने किती विकलं, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस सहसा पुढचं कॅम्पेन विकायला आलेला असतो.

तुमच्या उपयोगाचं एवढंच. तुमची यादी कागदावर लिहा आणि प्रत्येक नावापुढे ते तिथे का आहे ते लिहा. कारण सुचत नसेल तर ते नाव जाहिरातीने घातलेलं आहे. म्हणून ते वाईट ठरत नाही, पण त्या गाडीची तपासणी जरा जास्त करा. जाहिरातीत तपासता येईल असा दावा असेल तर तोच टेस्ट ड्राइव्हला घेऊन जा. २०२१ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने लँड रोव्हरची एक जाहिरात थांबवली, कारण गाडीचा पार्किंग सेन्सर कड्याची धार ओळखतो असा समज तीत होत होता, आणि सेन्सर फक्त मागचे दगड ओळखत होता. एखादं नाव केवळ जाहिरातीच्या रागाने खोडलं असेल तर ते परत लिहा आणि गाडी एकदा चालवून पाहा. हप्त्याच्या लपवाछपवीमुळे खोडलं असेल तर गाडी तीच ठेवून दुसऱ्या डीलरकडे जा, आणि मासिक हप्त्याऐवजी शेवटपर्यंत भरायची एकूण रक्कम लेखी मागा.